उसनं कातडं

गावच्या हॉलमध्ये गोधड्या टांगल्या आहेत,
पाहुण्या बाई विचारतात, नक्षी सुचते कुठून?
मी म्हणते, कुंपणावरून.
त्या हसतात. त्यांना थट्टा वाटते.

पण खरंच, कुंपणावरून.
वेल्सच्या या डोंगरउतारावर
काहीही तुटलं की निळ्या सुतळीने बांधतात,
गवताच्या गठ्ठ्यांवरची, नायलॉनची.
तीच फाटकाला, तीच कुत्र्याच्या गळ्यात,
तीच इद्वालच्या कमरेला, पट्ट्याच्या जागी.
माझ्या पहिल्या गोधडीतली निळी रेघ ती.
लोक नदी म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसरी बेतली गोठ्यामागच्या भिंतीवरून.
बिनचुन्याची, दगडाला दगड टेकलेला,
वाऱ्याला वाट देते म्हणून टिकते.
धावदोरा तसाच घातला, हात जरा सैल सोडून.

तिसरीत नुसते आकडे.
मार्चमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा
आईच्या कुशीवर आणि पिल्लाच्या कुशीवर
एकच आकडा फवारतात, लाल,
धुक्यात चुकामूक नको म्हणून.
बारा आणि बारा. एकोणीस आणि एकोणीस.
एकतीस मी एकदाच शिवला.
शेजारचा चौकोन कोरा.

ही विकाऊ नाही. तशी चिठ्ठी लावलीय, तरी विचारतात.

या शेतावर मी आले सातव्या वर्षी,
सरकारी गाडीतून. एक पिशवी, एक खोकला.
घरच्या बाईंचं नाव तेग्वेन.
मी त्यांना काहीच म्हणत नसे;
हाक मारायची वेळ आली की खुर्ची सरकवायची.

मला दिलेल्या पलंगावर एक गोधडी होती.
पिवळ्या फ्रॉकचे तुकडे, चौकड्यांचा गणवेश,
आणि एक खिसा, तसाच्या तसा शिवलेला.
आत बोट घातलं की तळाशी
पेन्सिलीचं टोक लागे.
कुणाचं, मी विचारलं नाही.
भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता.

रात्री त्या येत, दिवा न लावता.
पांघरूण माझ्या गळ्यापर्यंत ओढत
आणि वाकून (मी झोपेचं सोंग घ्यायचे)
वास घेत.
केसांचा की कापडाचा,
अंधारात कळायचं नाही.

मग तो मार्च.
एका मेंढीचं पिल्लू मेलेलंच आलं,
आणि एका पिल्लाची आई गेली, त्याच रात्री.
इद्वालने मेल्याचं कातडं उतरवलं,
ओला मोजा काढावा तसं,
पायांची भोकं राखून,
आणि जित्याला घातलं.
अंगरखा खांद्यात मोठा झाला.
"दोन दिवस," तो म्हणाला, "वास पटला की काढू."

मेंढीने हुंगलं. लाथ मारली.
फिरून हुंगलं.
तेग्वेन माझ्या मागे, हातात पाण्याची बादली.
बादली त्यांनी खाली ठेवली नाही,
किती वेळ ठेवलीच नाही.
मग पिल्लाची शेपटी थरथरू लागली,
दूध लागलं की थरथरते तशी,
आणि त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता,
"तुला नवी शिवू या का? तुझी तुला?"

हीच ऊबदार आहे, मी म्हणाले.
खोटं होतं. खिशाची शिवण हनुवटीला टोचायची.

त्यांना ते कळलं असावं.
रविवारी माझ्या पिशवीचा बंद कापला आम्ही,
खाकी, जाड, सुई वाकवणारा,
आणि त्या खिशाच्या कडेने लावला.
माझा पहिला टाका तो. वाकडा आहे.
किती धुणी झाली, उसवत नाही.

पाहुण्या बाई आता कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून उभ्या.
"इथलं राहून गेलं का काही?"

हो, राहिलंय, मी म्हणते,
आणि चहाचं आधण बघायला आत जाते.